पावसाळ्यात पेटी आणि कॅमेरा: डबा, बल्ब, कपाट की यंत्र?

यंदा भाच्याने पहिला चांगला कॅमेरा घेतला आणि त्याच महिन्यात आजोबांची पेटी, म्हणजे हार्मोनियम, आमच्या फोंड्याच्या घरातून त्याच्या पणजीतल्या फ्लॅटवर गेली. जूनचा दुसरा आठवडा उलटला आणि त्याचा फोन आला. ‘मामा, कॅमेऱ्याची चामडी पिशवी हिरवी पडलीय. कुठलं मशीन घेऊ?’

मी म्हटलं, आधी तीन-चारशे रुपयांचा हायग्रोमीटर घे. हवेतली आर्द्रता दाखवणारं घड्याळाएवढं यंत्र असतं ते. आपल्याकडे जुलैत घरातला आकडा सहज ८५ च्या आसपास असतो. बुरशीला वाढायला साधारण ६५ च्या वरची आर्द्रता काही दिवस सलग मिळाली की पुरते. लेन्ससाठी ४० ते ५०, वाद्यांसाठी ५० ते ६० हा पट्टा धरून चाला. स्वस्त यंत्रं खोटं बोलतात, पण त्यांची परीक्षा घरीच घेता येते. बाटलीच्या टोपणात मीठ घ्या, ते चिखलासारखं होईल एवढंच पाणी घाला, आणि यंत्रासकट एका घट्ट पिशवीत रात्रभर बंद करून ठेवा. सकाळी ७५ दिसायला हवेत. ८१ दिसले तर यापुढे कायम सहा वजा करायचे.

आता चार पर्याय. माझ्या घरात चारही होऊन गेलेत, त्यातला एक पश्चात्तापासह.

हवाबंद डबा आणि सिलिका जेल

कॅमेरा एक, लेन्स दोन-तीन, असा संसार असेल तर माझं मत सरळ डब्याला. रबरी कडा असलेला, कड्या लावून बंद होणारा १०-१२ लिटरचा डबा आणि त्यात २०० ग्रॅम सिलिका जेल, म्हणजे ओल शोषणारे दाणे. भाच्याला हे फारच किरकोळ वाटलं, म्हणून त्याला हिशेब करून दाखवला. २८ अंशांच्या आणि ८५ टक्के आर्द्रतेच्या एक घनमीटर हवेत पाणी असतं सुमारे २३ ग्रॅम. म्हणजे १२ लिटरच्या डब्यातल्या हवेत पाव ग्रॅमच्या थोडं वर. २०० ग्रॅम सिलिका डबा चाळिशीत ठेवूनही ४० ग्रॅमच्या आसपास पाणी धरतं. मग ते दोन-तीन आठवड्यांत संपतं कसं? हवेमुळे नाही. आपण आत ठेवलेल्या ओलसर पिशवीमुळे, फोममुळे, आणि दिवसातून चारदा झाकण उघडून बघण्याच्या सवयीमुळे. पिशवी बाहेर ठेवा, फक्त यंत्रं आत.

नारिंगी दाण्यांचं सिलिका घ्या, ते ओलं झालं की हिरवट होतं. निळ्याचं गुलाबी होणारं जुनं सिलिका मिळतं, पण त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, जे आरोग्याला चांगलं नाही. दाणे सुकवायला ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोनेक तास लागतात. ओव्हन नसेल तर जुन्या, जेवणासाठी न वापरायच्या कढईत मंद आचेवर परतायचे. उन्हात सुकवू म्हणाल तर आषाढात ऊन कुठून आणणार?

याच प्रकारातला एक धाकटा भाऊ म्हणजे कपाटात टांगायच्या पुड्या, ज्यांच्या खालच्या पिशवीत पाणी साचतं. त्यात बहुधा कॅल्शियम क्लोराइड असतं. ओढ जबरदस्त, पण साचलेलं पाणी म्हणजे खारट द्रावण. माझी एक पिशवी फाटली आणि ते पाणी ट्रायपॉडवर सांडलं. महिनाभराने त्याचे स्क्रू गंजून बसले होते. कपड्यांच्या कपाटाला चालेल, धातूच्या वस्तूंजवळ मी पुन्हा ठेवणार नाही.

कपाटातला बल्ब

हा आपल्या आजोबांच्या पिढीचा उपाय, आणि त्यामागचं विज्ञान पक्कं आहे. बल्ब पाणी काढत नाही, हवा गरम करतो. २८ अंश आणि ८५ टक्क्यांची हवा ३३ अंशांपर्यंत नेली तर तेच पाणी असूनही आर्द्रता ६४ च्या आसपास येते. पाच अंशांत एवढा फरक! पेटीसारख्या मोठ्या वस्तूला कपाटात ठेवून खाली २५ वॅटचा बल्ब लावणं आजही वाईट नाही. दिवसाला ०.६ युनिट, म्हणजे महिन्याला १८.

पण तीन गोष्टी. एक, एलईडी बल्ब लावून उपयोग नाही, तो पुरेसा तापतच नाही. माझ्या शेजाऱ्यांनी पूर्ण पावसाळा एलईडी लावून पेटी प्रकाशात ठेवली होती. दोन, वीज गेली की कपाट थंड होतं आणि आर्द्रता होती तिथे परत येते, आणि जूनच्या पहिल्या वादळात वीज किती वेळ जाते हे गोव्यात कुणाला सांगायला नको. तीन, आग. बल्बाला कपड्याची खोळ किंवा लाकूड लागता कामा नये, जाळीचा पिंजरा हवाच. घर बंद करून गावाला जाताना तो मी बंदच करतो.

ड्राय कॅबिनेट

काचेच्या दाराचं, आकडा लावून ठेवायचं छोटं कपाट. आत थंड पट्टीवर ओल जमवून बाहेर टाकणारं किंवा शोषक दाणे आपोआप तापवून सुकवणारं, असे दोन प्रकार. वीज झिरोच्या बल्बाएवढी किंवा त्याहून कमी. ४५ वर लावा आणि विसरा. वीज गेली तरी दाराची कड घट्ट असेल तर काही तास आकडा फारसा हलत नाही. डब्याच्या तुलनेत किंमत कित्येक पट. लेन्स पाच-सहाच्या वर असतील किंवा सिलिका भाजायचा कंटाळा हमखास येणार असेल, तर पैसे वाया जात नाहीत. माझ्यासारख्या आळशी माणसासाठी तेच बरं.

पण पेटी त्यात मावत नाही, आणि तबला मावला तरी घालू नका. चाळीस टक्क्यांना चामडं नको तितकं ताणलं जातं, पुडीवर जोर येतो.

डीह्युमिडिफायर

खोलीच्या हवेतली ओल ओढून टाकीत जमवणारं यंत्र. इथेच लोक सगळ्यात जास्त पैसे घालवतात. त्याच्या खोक्यावर दिवसाला १० लिटर, १२ लिटर पाणी काढतं असं लिहिलेलं असतं ते बहुतेकदा ३० अंश आणि ८० टक्क्यांना मोजलेलं असतं. खोली ६० वर आली की वेग बराच घटतो. दहा बाय बारा फुटांच्या, दहा फूट उंच खोलीतल्या हवेत ८०० ग्रॅमच्या आसपास पाणी असतं, तरी पहिल्या दिवशी टाकी पुन्हा पुन्हा भरते. ते पाणी भिंतींतून, गादीतून, पुस्तकांतून येत असतं. २५० वॅटचं यंत्र आठ तास चाललं की दोन युनिट, वर खोलीही थोडी तापते.

पणजीतल्या बंद खिडक्यांच्या फ्लॅटला ते चालतं. पुस्तकं, पेटी, गिटार, शिलाई यंत्र एकाच खोलीत असेल तर मी यालाच पसंती देईन. नळ्यांच्या छपराच्या जुन्या घरात मात्र घेऊ नका. कौलांच्या फटींतून सगळी खारी हवा आत येत असते, आणि तुम्ही विजेच्या बिलात अख्खा तालुका सुकवायला निघता. घरात एसी असेल तर त्याचा ड्राय मोड आधी दोन आठवडे वापरून आकडा बघा, कदाचित वेगळं काहीच लागणार नाही.

पेटीचं काय

बोरीचे नामवंत पेटीवादक पंडित तुळशीदास बोरकर या भागातलेच, त्यामुळे आमच्याकडे पेटीबद्दल आस्था जरा जास्त. पावसात तिचं लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात, भात्याच्या कडांना वास येतो. वरून घातलेली रेक्झिनची गवसणी ओल आतच कोंडते. सुती गवसणी घाला, पेटी भिंतीपासून वीतभर पुढे आणि जमिनीवरून उंच ठेवा, आणि रोज दहा मिनिटं वाजवा. भाता हलला की आतली हवा बदलते. अडकलेली पट्टी तेल घालून सैल करू नका, तेलावर धूळ बसते आणि दिवाळीपर्यंत ती कायमची बसते.

भाच्याला शेवटी सांगितलं ते असं: कॅमेऱ्याला डबा, पेटीला एसीचा ड्राय मोड आणि रोजचा रियाज. यंत्राचे पैसे पुढच्या लेन्ससाठी ठेव. आणि त्याच्या मित्राने दिलेल्या जुन्या लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतायत, ती त्या डब्यात बाकीच्यांसोबत घालू नकोस. कोरड्या डब्यात बुरशी वाढायची थांबते, पण काचेवर आलेली जात नाही. ती खोलून पुसावी लागते, आणि तोवर तिच्या आम्लाने काचेवरचा थर खाल्ला असेल तर पुसूनही डाग राहतो.