धडधडीचे मूळ शोधून देणारे रत्नागिरीतील हृदयरोग चिकित्सालय

माझ्या आईला गेली दोन वर्षे अधूनमधून छातीत एकाएकी धडधड सुरू होत असे आणि अर्ध्या-पाऊण तासाने ती तशीच एकाएकी थांबत असे. एका मोठ्या रुग्णालयात ईसीजी आणि टू-डी एको (हृदयाची सोनोग्राफी) व्यवस्थित आल्यावरही अँजिओग्राफीचा, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांतील अडथळे पाहणाऱ्या तपासणीचा, सल्ला मिळाला. चढ चढताना छातीत दुखते का, धाप लागते का, हे मात्र तिला कोणी विचारले नाही. म्हणून दुसरे मत घेण्यासाठी आम्ही रत्नागिरीतील एका लहान चिकित्सालयात गेलो. तेथे मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ महिन्यातून दोन शनिवारी येतात.

डॉक्टरांनी आईला तिच्या छातीतले ठोके बोटांनी टेबलावर वाजवून दाखवायला सांगितले. ते जलद पण एकसारखे पडतात हे पाहून, ही तक्रार रक्तवाहिन्यांतील अडथळ्याची नसून हृदयाच्या विद्युत्-यंत्रणेची असावी, असे त्यांनी आम्हाला चित्र काढून समजावले. २४ तास अंगावर लहान यंत्र लावून ठोके नोंदवणाऱ्या होल्टर तपासणीत काहीच सापडले नाही, कारण त्या दिवशी धडधड झालीच नव्हती. तेव्हा, "पुढच्या वेळी इतक्या लांब येऊ नका, जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन धडधड चालू असतानाच ईसीजी काढून घ्या आणि तो कागद जपून ठेवा," असे त्यांनी सांगितले. महिन्याभराने आरोग्य केंद्रात निघालेल्या त्या कागदावर मिनिटाला १७० ठोके होते आणि निदानाची दिशा त्यानेच ठरली.

तो कागद पाहून, हे काम अँजिओप्लास्टी करणाऱ्या आपल्यासारख्याचे नाही, हृदयाच्या लयीचा स्वतंत्र अभ्यास केलेल्या इलेक्ट्रोफिजिऑलॉजिस्टचे आहे, असे त्यांनी स्वतःहून सांगितले आणि मुंबईतील तज्ज्ञांसाठी सविस्तर पत्र दिले. झडप बदलणे किंवा बायपास यांसाठी शल्यचिकित्सक लागतो, तसाच लयीसाठी हा वेगळा तज्ज्ञ असतो, हे आम्हाला तोवर ठाऊक नव्हते. मुंबईत मांडीच्या शिरेतून नळी घालून ॲब्लेशन, म्हणजे धडधड सुरू करणारा हृदयातला लहानसा भाग निकामी करण्याची प्रक्रिया, झाले आणि गेल्या आठ महिन्यांत आईला एकदाही त्रास झालेला नाही.

उणिवाही सांगायला हव्यात. वेळ घेऊनही तीन तास थांबावे लागते आणि वयस्कर रुग्णांना बसायला जागा अपुरी आहे. शिवाय छातीत अचानक दाबल्यासारखे दुखू लागले, घाम फुटला, तर या शनिवारांची वाट पाहू नये. त्या वेळी सर्वांत जवळचे रुग्णालय गाठावे. जुनाट, अधूनमधून येणाऱ्या तक्रारीसाठी मात्र मी येथेच जाण्यास सुचवेन, आणि जाताना जुने सर्व ईसीजी सोबत न्यावेत, कारण डॉक्टर ते एकेक करून खरोखर पाहतात.