लिल-गुईचा कलर पिकर: काही महिने वापरल्यावर

कंट्रोल पॅनलमध्ये स्लायडर सगळेच देतात. लायब्ररीचा कस लागतो तो रंगाच्या बाबतीत. गेले काही महिने थ्री.जेएसच्या (ब्राउझरमध्ये त्रिमितीय दृश्य दाखवणारी लायब्ररी) सीनसाठी लिल-गुई ही कंट्रोल पॅनल बनवणारी छोटी जावास्क्रिप्ट लायब्ररी वापरतेय आणि तिचं 'अ‍ॅडकलर' हे पॅनलमध्ये रंग निवडायचा पिकर जोडणारं फंक्शन मला मनापासून आवडलंय.

डॅट-गुई या तशाच जुन्या लायब्ररीची सवय असेल तर नव्याने शिकायला फारसं काही नाही. तिथे पिकर लायब्ररीने स्वतः बनवलेला होता; इथे ब्राउझरचाच कलर इनपुट उघडतो. त्यामुळे लायब्ररी हलकी राहते आणि फोनवर बोटांना सरावाचा पिकर मिळतो. शेजारच्या चौकटीत हेक्स (#ff8800 सारखा रंगाचा कोड) पेस्ट करता येतो, तीन अक्षरी असला तरी. अर्थात पिकरचं रूप ब्राउझरगणिक बदलतं आणि पारदर्शकता त्यात नाहीच. अल्फासाठी, म्हणजे पारदर्शकतेसाठी, मी खाली ० ते १ चा वेगळा स्लायडर ठेवते, आणि खरं तर तो जास्त नेमका चालतो.

रंग हेक्स स्ट्रिंग, पूर्णांक, ऑब्जेक्ट किंवा अ‍ॅरे अशा कुठल्याही रूपात देता येतो. ऑब्जेक्ट आणि अ‍ॅरेमध्ये लाल-हिरवा-निळा ० ते १ मध्ये धरले जातात, डॅट-गुईत ते ० ते २५५ असायचे. जुना कोड आणताना तिसरा आर्ग्युमेंट २५५ द्या, काम झालं.

खरी मेख थ्री.जेएसमध्ये आहे. रिलीज १५२ पासून कलर मॅनेजमेंट आपोआप चालू असतं, म्हणजे मटेरियलचा रंग आत लिनियर (प्रकाशाच्या प्रमाणातल्या आकड्यांच्या) स्वरूपात साठतो. तोच रंग थेट 'अ‍ॅडकलर'ला दिला तर लिल-गुई ते आकडे एसआरजीबी, म्हणजे पडद्यासाठीचे नेहमीचे, समजून दाखवते, आणि मधल्या छटा पिकरमध्ये पडद्यापेक्षा गडद दिसतात. काळा-पांढरा मात्र बरोबर दिसतो, म्हणून हे चटकन लक्षात येत नाही. उपाय सोपा आहे: पॅरामीटर्सच्या ऑब्जेक्टमध्ये मटेरियलच्या रंगावरून 'गेटहेक्स'ने काढलेला पूर्णांक ठेवा, पिकर त्याला जोडा आणि 'ऑनचेंज'मध्ये (रंग बदलला की चालणारं फंक्शन) मटेरियलच्या रंगावर 'सेट' करा. मी आता सगळीकडे हेच करते, थ्री.जेएस नसलं तरी. रंग एकाच रूपात साठवायचा, रूपांतर तो पुढे देतानाच करायचं.

पिकरमध्ये बोट फिरवत असताना 'ऑनचेंज' सतत येत राहतो. युनिफॉर्म (शेडरला दिलेली किंमत) बदलायला तो उत्तम. पण रंगावरून टेक्स्चर नव्याने काढायचं असेल तर ते 'ऑनफिनिशचेंज'मध्ये (बदल करून झाल्यावर चालणारं) टाका, नाहीतर सीन अडखळतो.