लिनक्स मिंट २२: दुकानाच्या कामाला कसं आहे?

परभणीत माझं ऑनलाइन फॉर्म आणि झेरॉक्सचं दुकान आहे. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. माझ्या जुन्या मशीनमध्ये टीपीएम २.० (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षा चिप) नाही, त्यामुळे विंडोज ११ चा विषयच मिटला. मग विंडोजच्या जागी लिनक्स मिंट २२ ही ऑपरेटिंग सिस्टीम टाकली, सिनॅमन डेस्कटॉपवाली. फुकट, आणि २०२९ पर्यंत अपडेट.

मेनू डाव्या कोपऱ्यात, खाली तीच पट्टी. हात लगेच बसला. खरी धाकधूक मराठी टायपिंगची होती, कारण माझं पोटच त्यावर आहे. इनपुट मेथडमध्ये (टायपिंगच्या सेटिंगमध्ये) मराठी इन्स्क्रिप्ट हा कीबोर्ड जोडला. शिफ्ट धरून जे दाबलं की ऱ, मग डी दाबून हलंत, मग य अक्षर. ‘शेतकऱ्यांचा अर्ज’ स्क्रीनवर अगदी स्वच्छ उमटला. फार बरं वाटलं बघा!

लिबरऑफिसमध्ये (एमएस ऑफिसऐवजी वापरायचं फुकट सॉफ्टवेअर) वर्डच्या जुन्या फायली उघडतात, पण तक्ते सरकतात. गिऱ्हाइकाला देण्याआधी पीडीएफ करून नजर टाकाच. सातबारा, फॉर्म फायरफॉक्सवर निघतात. डिझाइनचं कोरलड्रॉ मात्र लिनक्ससाठी येत नाही. लग्नपत्रिकांचं काम असेल तर एक विंडोज मशीन ठेवाच. त्याऐवजी इंकस्केप हे डिझाइनचं फुकट सॉफ्टवेअर चांगलं आहे, पण कोरलड्रॉच्या जुन्या सगळ्या डिझाइन त्यात जशाच्या तशा उघडत नाहीत. आणि मोठं अपडेट घेण्याआधी टाइमशिफ्ट या मिंटमधल्या प्रोग्रॅममध्ये स्नॅपशॉट काढून ठेवा, म्हणजे बिघडलं तर सिस्टीम आधीसारखी करता येते.