तंबाखू सोडताना काय घ्यावं: गम, पॅच की व्हॅरेनिक्लिनची गोळी?

तंबाखूतलं निकोटीन मेंदूतल्या अल्फा-4 बीटा-2 रिसेप्टरवर, म्हणजे पेशींवरच्या ते धरणाऱ्या जागांवर बसतं आणि डोपामिन हे आनंद देणारं रसायन सुटतं. रोजच्या माऱ्याने हे रिसेप्टर वाढतात. तंबाखू थांबली की ते रिकामे राहतात, मग चिडचिड, उडालेली झोप, तलफ. त्यांची संख्या पूर्ववत व्हायला साधारण 6 ते 12 आठवडे जातात. त्यामुळे दोन आठवड्यांत बरं वाटलं म्हणून औषध बंद करू नका. बरेच जण इथेच घसरतात.

निकोटीनचा गम सगळ्यात सहज मिळतो. 2 मिलिग्रॅमचा केमिस्टकडे चिठ्ठीशिवाय, 4 चा चिठ्ठीवर. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत सिगारेट लागत असेल तर 4 चा. गमने काही होत नाही म्हणणारे बहुधा तो च्युइंगमसारखा चघळतात. तसं केलं की निकोटीन लाळेबरोबर पोटात जातं. उचकी आणि जळजळ तेवढी मिळते. हळू चावा, तिखट झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवा, त्या ओसरल्या की पुन्हा चावा. असं अर्धा तास. आधी 15 मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा, कॉफी, लिंबू सरबत बंद, कारण आंबट तोंडात निकोटीन शोषलं जात नाही. तंबाखूला चुना लावतात तो याच्या उलट कारणासाठी. कटिंगबरोबर तलफ येणाऱ्यांनी हे आधीच ठरवून ठेवावं. पहिले 6 आठवडे दर एक-दोन तासांनी एक गम, दिवसाला 24 च्या वर नाही.

गुटखा-माव्याने तोंड कमी उघडत असेल तर गम नकोच. आधी तोंड तपासून घ्या.

पॅच म्हणजे त्वचेवर चिकटवायची पट्टी. तो दिवसभर एकसारखं निकोटीन देतो, पण अचानक उसळलेली तलफ त्याला आवरत नाही. दिवसाला 10 पेक्षा जास्त सिगारेटी असतील तर 21 मिलिग्रॅमचा 6 आठवडे, मग 14 आणि 7 चा दोन-दोन आठवडे. मुंबईच्या घामात तो सुटतो. आंघोळीनंतर अंग पूर्ण कोरडं करून, तेल-पावडर न लावता, दंडावर केस नसलेल्या जागी 10 सेकंद दाबा आणि रोज जागा बदला. रात्री भलतीसलती स्वप्नं पडली तर झोपताना काढा. पॅच आणि वर लागेल तसा गम, ही जोडी एकट्या पॅचपेक्षा चांगली चालते.

व्हॅरेनिक्लिन त्याच रिसेप्टरला अर्धवट चालू करतं आणि जागा अडवून ठेवतं. मध्येच सिगारेट ओढली तरी पूर्वीची मजा येत नाही. सोडायच्या तारखेच्या आठवडाभर आधी सुरुवात: तीन दिवस रोज अर्धा मिलिग्रॅम, पुढचे चार दिवस अर्धा दोनदा, मग 1 मिलिग्रॅम दोनदा, एकूण 12 आठवडे. मळमळ फार जणांना होते. पोटभर जेवून, पेलाभर पाण्याबरोबर घेतली तर कमी होते. 2016 च्या ईगल्स या औषध-चाचणीत ती पॅच आणि ब्युप्रोपिऑन या तंबाखू सोडायच्या दुसऱ्या गोळीपेक्षा सरस ठरली, आणि तिच्याने मानसिक त्रास होतो ही भीती खरी ठरली नाही. किडनी अधू असेल, फिट येत असेल किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

आमचं मत: दिवसाला पाकीटभर ओढणाऱ्याने गोळी किंवा पॅच-गम जोडी घ्यावी, फक्त गमवर विसंबू नये. मशेरी लावणाऱ्या बायका हे डॉक्टरांपुढे बोलायला लाजतात. त्यांनी 1800-11-2356 ही मोफत क्विटलाइन लावावी. परळचं टाटा हॉस्पिटल तिच्या केंद्रांपैकी एक आहे.