वीज दरवाढीवर हरकत लिहून देणारं इचलकरंजीतलं एक टायपिंग सेंटर

दुकानावर ‘मराठी-इंग्रजी टायपिंग, झेरॉक्स’ एवढीच पाटी आहे. थोरात चौकातून आतल्या गल्लीत वळलं की डाव्या हाताला. भाडेकरार, प्रतिज्ञापत्रं, शाळेचे अर्ज अशी नेहमीची कामं तिथं दिवसभर चालतात. पण मी हे लिहितेय ते त्यांच्या दुसऱ्याच एका कामाबद्दल. वीज दरवाढीचा प्रस्ताव निघाला की तिथले काका लोकांच्या हरकती लिहून देतात. नुसत्या टाइप करून नाही, बिलं तपासून आणि हिशेब मांडून. यंत्रमागाच्या गावात ही सोय फार मोठी आहे, आणि गावाबाहेर कुणाला तिची माहितीही नाही.

आमचा कारखाना म्हणजे सोळा साधे माग आणि आडव्या धाग्याच्या कांड्या भरणारं एक कांडी मशीन. सासऱ्यांनी उभा केला, आता मी आणि धाकटा दीर बघतो. सूत व्यापाऱ्याचं, आम्ही मजुरीवर विणून देतो. म्हणजे खर्चीवाले. कापडाचा भाव वाढला तर फायदा आमचा नाही, पण विजेचं बिल मात्र पूर्ण आमचं. कामगारांचा पगार आणि बिल, हे दोन खर्च गेले की जे उरतं त्यावर घर चालतं. विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली या गावात पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून गावाचं पोट मागावर आहे आणि माग विजेवर. दरवाढीची बातमी आली की इथं चहाच्या गाड्यावर दुसरा विषय नसतो.

२०२३ च्या सुरुवातीला तेच झालं होतं. महावितरणने विजेचे दर ठरवणाऱ्या वीज नियामक आयोगापुढं ६७,६४३ कोटी रुपयांची तूट दाखवून ती दरांतून वसूल करायची मागणी केली होती. आपल्या गावचेच प्रताप होगाडे आणि त्यांची महाराष्ट्र वीज ग्राहक संघटना सांगत होती की ही सरासरी युनिटमागे २ रुपये ५५ पैसे, म्हणजे ३७ टक्के वाढ आहे. कंपनी सांगत होती पहिल्या वर्षी १४ आणि दुसऱ्या वर्षी ११ टक्के. संघटनेनं सगळ्यांना हरकती दाखल करा म्हणून सांगितलं, आणि गल्लीतल्या सगळ्यांनी ठरवलं, करायच्याच. पण लिहायचं काय? मी वहीच्या पानावर ‘दरवाढ परवडत नाही, तरी रद्द करावी ही विनंती’ असं लिहून दुकानात गेले.

काका एका सूतगिरणीच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी कागद वाचला आणि म्हणाले, “वहिनी, परवडत नाही हे सगळेच लिहितात. किती परवडत नाही ते लिहा. बिलं आणलीत?”

नव्हती आणली. दुसऱ्या दिवशी वर्षाची बिलं आणि माल दिल्याची चलन-वही घेऊन गेले. यानंतर जे झालं त्यासाठीच मी या दुकानाची शिफारस करते.

काउंटरच्या काचेवर त्यांनी बिलं महिन्यानं लावली आणि लाकडी पट्टी एकेका ओळीखाली सरकवत गेले. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क, मग सरकारची सवलत. प्रत्येक ओळ कोण ठरवतं ते सांगितलं. वीज आकार आणि वहन आकार आयोग ठरवतो. इंधन समायोजन म्हणजे वीज खरेदीचा खर्च ठरल्यापेक्षा वरखाली झाला की पुढच्या महिन्यांत लागणारी रक्कम. ती सुनावणीशिवाय बिलात येते, आणि एका महिन्यात ती का वाढली हे मला तोपर्यंत कुणीच सांगितलं नव्हतं. शुल्क राज्य सरकारचं. सवलतही सरकारचीच. इतकी वर्षं मी फक्त खालचा आकडा आणि शेवटची तारीख बघून बिल भरत होते.

मग त्यांनी वर्षाचे युनिट घेतले, चलन-वहीतून वर्षभरात विणलेल्या कापडाचे मीटर घेतले आणि भागाकार केला. आमच्याकडे ५२ पिकाचा माल चालतो, म्हणजे कापडाच्या एका इंचात ५२ आडवे धागे, आणि मजुरी या पिकावर ठरते. कापडाच्या एका मीटरला साधारण ०.२ युनिट वीज लागते असं निघालं. युनिटमागे २.५५ रुपये वाढले तर मीटरमागे ५१ पैसे. आणि ५२ पिकाच्या मीटरला पिकामागं एक पैसा मजुरी वाढवून मिळाली तर होतात ५२ पैसे.

हे वाचणारा मागवाला असेल तर त्याला पुढं सांगायला नको. पिकामागं एक पैसा मजुरी वाढवून घ्यायला इथं बैठका होतात, माग बंद ठेवावे लागतात, व्यापारी मंदीचं कारण सांगतो, महिने जातात. तो अख्खा पैसा एका प्रस्तावात जाणार होता. मी तो आकडा बघत तशीच उभी राहिले. काकांनी लगेच बजावलं की २.५५ हा सगळ्या ग्राहकांचा सरासरी आकडा आहे, यंत्रमागाचा वर्ग वेगळा आहे, तेव्हा हरकतीत आपल्या वर्गाचाच दर घालायचा. कंपनीनं आयोगाकडं केलेल्या याचिकेतलं यंत्रमागाचं पान त्यांनी आधीच छापून ठेवलं होतं. सरासरीवर रडलो तर समोरचा म्हणतो हा तुमचा दरच नाही, आणि मुद्दा तिथंच संपतो. हिशेबाच्या माणसाची ही शिस्त मला फार आवडली.

माझ्या कागदात सवलत वाढवून मिळावी असाही एक परिच्छेद होता. तमिळनाडूत यंत्रमागाला काही युनिट फुकट मिळतात, आपल्याला का नाही, असं मी लिहिलं होतं. तो त्यांनी सरळ काढून टाकला. “दर आयोगाचा, सवलत सरकारची. विद्युत कायद्याचं कलम ६५ बघा, सवलत द्यायची तर सरकारनं पैसे भरायचे असतात. हे पत्र वस्त्रोद्योग मंत्र्यांना वेगळं लिहू.” आणि खरंच वेगळं लिहून दिलं, त्याचे पैसे न घेता. त्यानंतर वर्षभरानं सरकारनं जादा सवलत जाहीर केली: २७ अश्वशक्तीपेक्षा कमी जोडभाराला युनिटमागं एक रुपया, त्यावरच्यांना ७५ पैसे. आमच्या पत्रानं झाली असं मी म्हणत नाही, गावागावांतून मागणी होती. पण त्या सवलतीसाठी ऑनलाइन नोंदणीची अट आली तेव्हा निम्मी गल्ली याच दुकानात फॉर्म भरायला होती.

२७ अश्वशक्तीची ही रेघ काय आहे तेही मला इथंच कळलं. २७ अश्वशक्ती म्हणजे जवळपास २० किलोवॅट. त्याच्या वर गेलं की बिलाची पद्धतच बदलते, एका वेळी जास्तीत जास्त किती वीज ओढली त्यावरचा मागणी आकार लागतो, केव्हीएएचवर, म्हणजे मोटारीनं ओढलेली पण कामी न आलेली वीजही धरून बिल येतं, आणि ती कमी ठेवणारा कपॅसिटर बिघडला तर तेवढ्यानं बिल फुगतं. शेजारच्या ऑटोलूमवाल्याचं (स्वयंचलित मागवाल्याचं) बिल काका बघत होते तेव्हा पहिला प्रश्न हाच होता, “कपॅसिटर कधी बदलला?” वायरमनला बोलवा म्हणून त्याला परत पाठवलं आणि हरकतीचं काम आठवड्यानं केलं. घाईत गिऱ्हाईक करून घ्यायचं नाही, हे दुकानाचं धोरण दिसतं.

हरकत तयार झाली की ती कशी दाखल करायची हेही तेच बघतात. एक प्रत आयोगाला, एक कंपनीला, आयोगाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरायची. तिथं विचारतात, प्रत्यक्ष म्हणणं मांडायचं आहे का? काका सगळ्यांना हो लिहायला लावतात. मी नको म्हणत होते. मुंबई-पुण्याच्या साहेबांपुढं मी काय बोलणार? त्यांचं म्हणणं, कागद फाइलीत जातो, माणूस समोर दिसतो. तेव्हा पुण्याच्या सुनावणीला गल्लीतल्या चौघांबरोबर गेले. पाच मिनिटांच्या आतच बोलले, पण आकडे पाठ होते. पिकामागं पैसा आणि मीटरमागं ५१ पैसे, दोन्ही सांगितले, आणि यंत्रमागाचा दर वेगळा सांगितला. ऐकून घेतलं.

३१ मार्च २०२३ ला आदेश आला. ६७,६४३ कोटींच्या जागी आयोगानं ३९,५६७ कोटी मान्य केले. सरासरी वाढ पहिल्या वर्षी २.९ आणि दुसऱ्या वर्षी ५.६ टक्के, असं आयोगानं म्हटलं. या टक्क्यांवरही ग्राहक संघटनांनी आक्षेप घेतला, कारण तुलना इंधन समायोजन धरून करायची की सोडून, यावर टक्का बदलतो. तो आक्षेप मला पटतो, आमचं बिल त्या टक्क्यांपेक्षा जास्त वाढलेलं मी पाहिलं आहे. तरी मागितलं तेवढं मिळालं नाही, हेही खरं आहे. म्हणून मी सगळ्यांना सांगते, हरकत घ्या.

घरगुती बिलांचंही काम इथं होतं, आणि तिथं माझी थोडी तक्रार आहे. आमच्या कांडीवाल्या बाईंचं बिल घेऊन मी गेले होते. २०२४-२५ च्या दरात पहिल्या शंभर युनिटांना ४ रुपये ७१ पैसे वीज आकार होता आणि १०१ व्या युनिटापासून १० रुपये २९ पैसे, दोन्हीवर १ रुपया १७ पैसे वहन आकार, आणि वर १६ टक्के वीज शुल्क. पत्र्याच्या खोलीत एप्रिल-मे महिन्यांत दोन पंखे रात्रंदिवस लागतात, शंभरची रेघ ओलांडली जातेच. हे त्यांच्या हरकतीत यायला हवं होतं. पण घरगुती ग्राहकांसाठी दुकानात एकच तयार मजकूर आहे, नाव-ग्राहक क्रमांक बदलून देतात. गर्दी असते हे मला कळतं. पण मागवाल्याचा हिशेब तासभर आणि कांडीवालीचा दोन मिनिटांत, हे बरं नाही. काकांना मी तसं बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि त्यांच्या सुनेनं बाईंची पत्र्याची खोली, पंखे, युनिट असे चार ओळींत घातले. बाकीच्या बायकांनी मागितलं तर त्यांनाही घालून देतील, पण मागावं लागतं.

दुसरी अडचण, ज्यांना ई-मेल नाही त्यांच्या हरकती दुकानाच्या ई-मेलवरून जातात. हरकतीवर कंपनीचं उत्तर येतं, ते मग दुकानातच पडून राहतं. आपण जाऊन विचारलं तरच मिळतं. पोराचा किंवा पुतण्याचा ई-मेल द्या, तो बरा.

आणि आता जे लिहितेय ते दुकानाच्या हातात नाही, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. २०२५ ला पुन्हा पाच वर्षांच्या दरांची याचिका आली, पुन्हा सुनावण्या झाल्या, पुन्हा काकांनी उन्हाळ्याच्या तोंडावर रात्री उशिरापर्यंत दुकान उघडं ठेवलं. २८ मार्चला आयोगानं आदेश दिला, त्यात पहिल्या वर्षी सरासरी दहा टक्क्यांच्या आसपास कपात होती. गल्लीत पेढे वाटले नाहीत एवढंच. कंपनीनं हरकत घेतली आणि २ एप्रिलला आयोगानं स्वतःच्याच आदेशाला स्थगिती दिली. २५ जूनला पुनर्विलोकनाचा नवा आदेश आला आणि १ जुलैपासून नवे दर लागले. मधल्या काळात पहिल्यासारख्या जाहीर सुनावण्या घेऊन लोकांना बोलावलं गेलं नाही. त्यावर पुढं उच्च न्यायालयात दादही मागितली गेली. मी त्या जुलैत दुकानात गेले तेव्हा काकांनी हिशेबाची वही काढून ठेवली होती आणि करायला काही नव्हतं, कारण हरकत मागवलीच नव्हती. विद्युत कायद्याचं कलम ६४ सांगतं की याचिका जाहीर करा, लोकांचं म्हणणं ऐका आणि १२० दिवसांत निर्णय द्या. माणसं मजुरी बुडवून, एसटीनं पुण्याला जाऊन बोलतात आणि मग त्यांच्या माघारी दर फिरतात, तर पुढच्या वेळी ती जातील का? मला या गोष्टीचा राग आहे आणि तो मी लपवणार नाही.

तरी पुढची याचिका येईल तेव्हा याच दुकानात जा. तपासणीचे पैसे घेत नाहीत, टायपिंग पानाला तीस रुपये, झेरॉक्स वेगळी. दुपारी एक ते चार बंद असतं आणि शेवटच्या तारखेला जाऊ नका, एकच कॉम्प्युटर आहे. जाताना बारा महिन्यांची बिलं न्या, माल दिल्याची चलन-वही न्या, ऑटोलूम असतील तर कपॅसिटरची पावती न्या. बिलं नसतील तर काका काउंटरवर हात ठेवून परत पाठवतात, कितीही ओळखीचे असलात तरी.