सरकारी काम, बँकेत पगार आणि एटीएम कार्ड ठेकेदाराच्या डब्यात

खानापूर, बेळगाव, हुक्केरी भागातून गवंडीकामाला, सेंट्रिंगला, बिगारीला सरकारी कामावर जाणाऱ्या पोरांनी वाचावं म्हणून हे लिहितोय. ठेकेदाराचं नाव घेत नाही. प्रकरण सुनावणीत आहे, आणि असले ठेकेदार काही एकच नाहीत.

काम खानापूर तालुक्यातल्या एका सरकारी इमारतीचं. टेंडर मोठ्या ठेकेदाराच्या नावावर, पण तो साइटवर कधी फिरकायचा नाही. काम चालवायचा तो पेटीला, म्हणजे पोटठेक्यानं, घेतलेला दुसराच माणूस. सगळे त्याला अण्णा म्हणायचे. बोलायला गोड, सणासुदीला उचल द्यायला पुढे. सुरुवातीलाच त्यानं आमची आधार कार्डं, फोटो घेऊन बँकेत खाती काढून दिली. सरकारी कामावर पगार खात्यावरच जमा व्हायला लागतो म्हणाला. मग एटीएम कार्डं आली तशी गोळा केली. "बँकेला जायचं म्हटलं की तुमचा एक रोज बुडतोय. कार्ड माझ्याकडं असू दे, मी पैसे काढून बाजारादिवशी रोख वाटतो की."

प्रत्येक कार्डामागं चिकटपट्टी, तिच्यावर नाव आणि पिन. सगळी कार्डं एका बिस्किटाच्या डब्यात, डबा त्याच्या गाडीत. मेसेजसाठी बँकेला जो मोबाइल नंबर दिला तो त्याच्याच माणसाचा. खरी मेख ही होती. पैसे जमा झाले काय आणि निघाले काय, आम्हाला कळायची सोयच नव्हती.

बिगाऱ्याला हातात ४५० मिळायचे, गवंड्याला ७००. स्लॅबच्या दिवशी पहाटेपर्यंत राबलो तर चहा-वडा आणि वर शंभराची नोट. किमान वेतनाच्या नियमाप्रमाणे जादा तासांना दुप्पट दर लागतो. काम संपत आलं तसे शेवटचे आठवडे थकले. "वरून बिल निघालं नाही" हे एकच उत्तर. आता हे नीट ध्यानात घ्या: ठेकेदाराचं बिल निघो न निघो, मजुरी ठरल्या मुदतीत द्यावीच लागते. बिलाची वाट मजुरानं बघायची, असं कुठल्याही कायद्यात नाही.

आमच्यातल्या एकाला म्हशीच्या कर्जासाठी पासबुक भरून घ्यायचं होतं, त्यातून सगळं उघडं पडलं. मग आम्ही सगळ्यांनीच स्टेटमेंट काढली. बिगाऱ्याच्या खात्यावर दिवसाला ५८० च्या हिशेबानं पैसे जमा. आणि ते निघालेत कसे? एकाच एटीएमवरून, एकाच दुपारी, एकामागून एक खात्यातून, दोन-दोन मिनिटांच्या फरकानं. त्या वेळी आम्ही साइटवर माल कालवत होतो.

मग माहिती अधिकारात अर्ज टाकला. फी १० रुपये, बीपीएल कार्ड असेल तर तीही नाही. कर्नाटकात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा लागतो, नाहीतर परत येतो. आम्ही एवढंच मागितलं: या कामाच्या बिलांना जोडलेल्या हजेरी आणि पगार रजिस्टरच्या प्रती. कागद आले कानडीत. कानडी शाळेत शिकलेल्या भाच्याला बसवून वाचून घेतले.

त्या रजिस्टरात गणेश चतुर्थीला आमची सगळी गँग कामावर हजर! चतुर्थीला खानापूर भागातला गडी घर सोडून स्लॅब भरायला गेला, असं कुणाला सांगितलं तरी हसेल. सगळ्या रकान्यांतलं अक्षर एकाच हाताचं. माझ्या नावापुढं सही होती कानडीत. मी मराठी शाळेत शिकलो, उभ्या आयुष्यात कानडीत सही केलेली नाही. सुनावणीत सगळ्यात जास्त उपयोग या सहीचाच झाला.

आणखी एक चलाखी सापडली. गँग एकच, पण कागदावर दोन. अर्धी अण्णाच्या नावावर, अर्धी त्याच्या मेहुण्याच्या, दोन्हीकडे वीसच्या आत माणसं. कारण १९७० चा कंत्राटी कामगार कायदा २० माणसांपासून लागू व्हायचा. २१ नोव्हेंबर २०२५ ला नव्या कामगार संहिता आल्या, त्यात हा आकडा ५० झालाय. म्हणजे असली फोडाफोडी आता आणखी सोपी. आमचं काम त्याआधीचं, आणि वर्क ऑर्डर एकच असल्यामुळं ही पळवाट टिकली नाही.

त्या १९७० च्या कायद्याचं कलम २१ साइटवर कुणीच सांगत नव्हतं. पगारवाटपाच्या वेळी काम देणाऱ्या सरकारी खात्याचा माणूस हजर असायला लागायचा आणि त्यानं पगार दिल्याचं लिहून द्यायला लागायचं. ठेकेदारानं बुडवला किंवा कमी दिला, तर तो खात्यानं द्यायचा आणि ठेकेदाराकडून वसूल करायचा. आमच्या रजिस्टरावर प्रत्येक पानाला तसा शिक्का आणि सही आहे. पगारवाटपाला कुठलाही साहेब आलेला आम्ही कुणी पाहिला नाही. अण्णा लबाड होताच, पण मला जास्त चीड त्या शिक्क्याची आली.

कामगार खात्याकडं दावा टाकला. किमान वेतन कायद्याखाली सहा महिन्यांत अर्ज करावा लागायचा, उशीर झाला तर कारण पटवून द्यायला लागायचं. नव्या वेतन संहितेत ही मुदत तीन वर्षं आहे. थकलेल्या आठवड्यांचे पैसे मोठ्या ठेकेदाराच्या अनामत रकमेतून मिळाले. दररोजचा फरक आणि जादा तासांचा दावा अजून चालू आहे. दोघांनी मध्येच माघार घेतली, पुढच्या कामाचं आमिष होतं. त्यांना दोष देत नाही, घरी खाणारी तोंडं आहेत.

लेबर कार्डाचंही तेच. सरकारी कामाच्या बिलातून १ टक्का उपकर कापून बांधकाम कामगार कल्याण मंडळाला जातो, आणि वर्षात ९० दिवस काम केलेल्याला तिथं नोंदणी करता येते. त्यासाठी कामाचा दाखला लागतो. तो मागितला की अण्णा "उद्या" म्हणायचा. दाखला काम चालू असतानाच घ्या. हजेरी रोजच्या रोज स्वतःच्या वहीत तारीख घालून लिहा, आमच्या एका सेंट्रिंगवाल्याची तेल लागलेली वही पुराव्यात धरली गेली. बँकेत नंबर स्वतःचा द्या, आणि कानडी कागद कुणाकडून तरी वाचून घेतल्याशिवाय अंगठा उठवू नका.

अण्णाला शेजारच्या तालुक्यात शाळाखोल्यांचं काम पेटीला मिळालंय. सध्या तिकडच्या गावांत आधार कार्डं आणि फोटो गोळा करत फिरतोय.