लेजंड म्हणायचं कुणाला: नासला की जे-झीला?

बेळगावच्या टिळकवाडीत चहाच्या टपरीवर हिपहॉपचा विषय निघाला की 'लेजंड', 'गोट' (म्हणजे आजवरचा सर्वांत थोर), 'बाप माणूस' हे शब्द चिरमुऱ्यांसारखे उधळले जातात. काल पहिलं गाणं टाकलेला पोरगाही लेजंड आणि अमेरिकन रॅपर जे-झीही लेजंड! अशानं थोरवी कळत नाही. ती मोजायची दोन मापं मला दिसतात.

एक म्हणजे अजोड अल्बम. अमेरिकन रॅपर नासचा 'इलमॅटिक' १९९४ चा, तेव्हा तो अवघा २० वर्षांचा. लांबी जेमतेम ४० मिनिटं. हेडफोन लावून ऐका: यमक फक्त ओळीच्या शेवटी येत नाही, ओळीच्या पोटातही वाजत राहतं. आणि ही कसरत चालू असताना तो वाढला ती न्यूयॉर्कमधली क्वीन्सब्रिजची अख्खी वसाहत डोळ्यांपुढं उभी राहते.

दुसरं माप लांब पल्ल्याचं. जे-झीचा पहिला अल्बम १९९६ चा. त्यानंतर बीटची फॅशन कितीदा बदलली, पण गडी टिकला. २०१७ मध्ये साँगरायटर्स हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर गीतकारांच्या मानाच्या यादीत, गेलेला तो पहिला रॅपर. त्याच वर्षीच्या अल्बमात स्वतःच्या संसारातली चूक त्यानं उघड मांडली. विशीतल्या रॅपरला ते जमलं नसतं.

माझा कौल तरीही नासला. रॅप ही आधी शब्दांची कला आहे. बक्षिसांवर तर मुळीच जाऊ नका: नासला पहिला ग्रॅमी मिळाला थेट २०२१ मध्ये. आपल्याकडं मराठी-कन्नड मिसळून रॅप करणाऱ्या पोरांनाही नुसतं 'लेजंड' म्हणू नका, कुठली ओळ जमली आणि कुठं श्वास तुटला ते सांगा.